ऑटो स्टार्ट-स्टॉप चालत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

पुण्यात मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकची कामं करतो. "सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, आता होत नाही," ही तक्रार घेऊन वर्षभर लोक येतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच कुठेतरी बॅटरी बदललेली असते. पैसे गेलेले असतात आणि तक्रार तिथेच असते. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे देतोय. सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत आणि बहुतेक गाड्यांचं उत्तर तिथेच किंवा बॅटरीपाशी सापडतं.

एक आधीच सांगतो. हे सगळं साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतल्या आणि माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या इलेक्ट्रिक मशीनची मदत असलेल्या) गाड्यांतल्या स्टार्ट-स्टॉपबद्दल आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या इलेक्ट्रिक मोटरवरही धावू शकणाऱ्या गाडीत, इंजिन कधी बंद करायचं, कधी चालू करायचं हे गाडी सतत स्वतः ठरवते. तिथे नारिंगी रंगाच्या हाय व्होल्टेज केबल असतात. त्या गाडीला घरी हात लावू नका.

लक्षणं नीट ओळखा

"चालत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात.

पहिलं: इंजिन बंदच होत नाही. डॅशबोर्डवर ए अक्षराभोवती गोल बाण असलेलं चिन्ह येतं आणि त्यावर आडवी रेघ असते, किंवा चिन्ह येतच नाही.

दुसरं: बंद होतं, पण पाच-दहा सेकंदांत सिग्नल सुटायच्या आधीच परत चालू होतं.

तिसरं: कधी चालतं, कधी नाही. सकाळी ऑफिसला जाताना नाही, पण रविवारी लोणावळ्याहून परत आल्यावर एकदम छान.

चौथं: गाडी नवी होती तेव्हा प्रत्येक सिग्नलला चालायचं, मग हळूहळू कमी होत होत बंद पडलं. असं कोणी सांगितलं की माझी नजर थेट बॅटरीकडे जाते.

पाचवं वेगळं आहे आणि गंभीर आहे: इंजिन बंद होतं, पण परत चालू होताना सेल्फ ओढून चालतो, दिवे मंद होतात, म्युझिक सिस्टिमची स्क्रीन जाऊन परत येते, किंवा गाडी चालूच होत नाही. हे असेल तर आत्ताच स्टार्ट-स्टॉपचं ऑफचं बटण दाबा आणि गाडी दाखवायला न्या. बाकीचं नंतर वाचा.

एक अपवाद मात्र आहे. इंजिन आपोआप बंद असताना तुम्ही सीट बेल्ट काढलात किंवा दार उघडलंत, तर बऱ्याच गाड्या सुरक्षेसाठी आपोआप चालू व्हायचं टाळतात आणि चावीने किंवा बटणाने स्टार्ट मागतात. तो बिघाड नाही.

गाडी नकार का देते

इंजिन बंद करण्याआधी गाडीतला कंट्रोलर दोन गोष्टी तपासतो: परत नक्की चालू करता येईल का, आणि बंद असताना आतली माणसं सुरक्षित आणि बऱ्यापैकी आरामात राहतील का. त्यासाठी तो बॅटरीचा चार्ज, इंजिनचं तापमान, एसीची मागणी, दारं, बॉनेट, सीट बेल्ट, ब्रेकचा व्हॅक्यूम (ब्रेक हलका करणारी हवेची ओढ), चढ-उतार अशी मोठी यादी बघतो. त्यातल्या एकाही ठिकाणी नकार आला तर इंजिन चालूच राहतं. म्हणजे बहुतेक वेळा सिस्टिम बिघडलेली नसते, तिला कशाची तरी खात्री मिळत नसते. आपलं काम ती गोष्ट शोधण्याचं आहे. सेन्सर बदलायची घाई करू नये, ते याचसाठी.

बटण, सवय आणि रस्ता

आधी ऑफचं बटण बघा. बहुतेक गाड्यांत इग्निशन बंद-चालू केलं की सिस्टिम परत ऑन होते, पण काही गाड्या शेवटची निवड लक्षात ठेवतात. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने बाहेरून काही मॉड्यूल बसवून सिस्टिम कायमची बंद केलेली नाही ना, तेही विचारून घ्या.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत न्यूट्रल टाकून क्लचवरून पाय पूर्ण उचलावा लागतो. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात स्टार्ट-स्टॉप कधीच चालणार नाही, शिवाय क्लचही झिजतो. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक पुरेसा दाबावा लागतो. नुसता पाय टेकवून गाडी धरून ठेवली की इंजिन चालू राहतं, आणि बंद असताना पाय सैल झाला की परत सुरू होतं.

रस्ताही महत्त्वाचा आहे. तीव्र चढ-उतारावर, किंवा स्टिअरिंग बरंच वळवलेलं असताना गाडी बंद व्हायचं टाळते. चांदणी चौकाच्या उतारावर किंवा कात्रजच्या चढाला तपासणी करू नका, सपाट रस्ता घ्या. दुसरं म्हणजे, एकदा बंद होऊन चालू झाल्यावर परत बंद होण्यासाठी गाडीला एक ठरावीक वेग गाठावा लागतो. हा वेग मॉडेलप्रमाणे बदलतो. हिंजवडीकडे जाताना भूमकर चौकात गाड्या अक्षरशः सरपटत असतात, तिथे तो वेग गाठलाच जात नाही. मग दुसऱ्यांदा इंजिन बंद होत नाही आणि लोकांना वाटतं सिस्टिम गेली.

एसी

एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या तक्रारींत मी पहिला हात एसीच्या नॉबला लावतो. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, फक्त ब्लोअरची हवा. दुपारभर उन्हात उभी केलेली गाडी, तापमान अगदी कमीवर आणि पंखा फुल, अशा वेळी गाडी इंजिन बंद करणार नाही, आणि केलंच तर केबिन तापायला लागताच परत चालू करेल. वर सांगितलेलं दुसरं लक्षण बहुधा इथूनच येतं.

तपासायला सोपं आहे. तापमान २४-२५ वर ठेवा, पंखा मध्यम ठेवा, पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि मग सिग्नलला बघा. एसी पूर्ण बंद करूनही एकदा बघा. चाललं, तर गाडीत काही बिघाड नाही. पावसाळ्यात हाच प्रकार पुढच्या काचेच्या डीफॉगरमुळे होतो. ते बटण चालू असेल तर समोरचं दिसणं महत्त्वाचं मानून गाडी इंजिन चालू ठेवते, आणि ते बरोबरच आहे.

एसी माफक ठेवूनही केबिन थंडच होत नसेल, तर गॅस कमी आहे का हे एसीवाल्याकडे बघून घ्या. मग स्टार्ट-स्टॉपची तक्रार त्याच दुरुस्तीत जाते.

दार, बेल्ट, बॉनेट

ड्रायव्हरचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो का आणि डॅशबोर्डवरचं दाराचं चिन्ह जातं का ते बघा. बेल्ट लावल्यावर त्याचा दिवा जायलाच हवा. बॉनेटचा स्विच लोकांच्या लक्षातच येत नाही. बॉनेट उघडं असताना इंजिन आपोआप चालू होऊन कोणाचा हात इंजिनच्या बेल्टमध्ये जाऊ नये म्हणून हा स्विच असतो. पुढून ठोकर लागून पत्र्याचं काम झालं असेल, प्रेशर वॉशिंग झालं असेल, तर तो स्विच सरकतो किंवा त्यात पाणी जातं. कनेक्टर नीट बसलाय का एवढं डोळ्यांनी बघा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली उबेला येतात आणि याच भागातल्या बारीक वायरी कुरतडतात. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं.

हा स्विच शॉर्ट करून देणारे लोक आहेत. तसं कधीही करून घेऊ नका. तपासणीसाठी बॉनेट उघडायचं असेल तर इग्निशन पूर्ण बंद करून चावी स्वतःकडे ठेवा. इंजिन थांबलेलं दिसलं म्हणजे ते बंद आहेच, असं या गाड्यांत धरून चालत नाही.

बॅटरी

इथे वेळ द्या, कारण माझ्याकडे आलेल्या गाड्यांत खरा दोष असेल तर तो बहुतेक वेळा इथेच निघतो.

आधी लेबल वाचा. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ईएफबी (साध्या बॅटरीचा जास्त टिकाऊ प्रकार) किंवा एजीएम (आतलं ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) प्रकारची बॅटरी असते. साधी बॅटरी दिवसातून पाच-सहा वेळा सेल्फ मारण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. इथे एकाच फेरीत तेवढे सेल्फ होतात, आणि इंजिन बंद असताना दिवे, ब्लोअर, म्युझिक हा सगळा भार बॅटरीवर येतो. साधी बॅटरी अशा वापरात अर्धवट चार्जवर राहून प्लेट्सवर सल्फेट धरते आणि लवकर बसते. तिची अडचण अशी की ती त्याच जागेत बसते, गाडीही झटक्यात चालू होते, त्यामुळे स्वस्तात काम झालं असं वाटतं. मग काही महिन्यांत स्टार्ट-स्टॉप परत बंद. "बॅटरी नवी आहे हो" असं कोणी म्हणालं की मी प्रकार विचारतो. गाडीत मुळात ईएफबी असेल तर ईएफबी किंवा एजीएम बसवा, एजीएम असेल तर एजीएमच. एजीएममध्ये पाणी घालायचं नसतं, तिची झाकणं उचकटू देऊ नका.

मग व्होल्टेज. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी चालू करण्याआधी मोजा. दार उघडलं की गाडीतले मॉड्यूल जागे होतात, त्यामुळे बॉनेट उघडून गाडी लॉक करा आणि थोडं थांबून मग टोकं लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, एजीएममध्ये हा आकडा १२.८ च्या आसपास असतो. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. या पातळीला गाडी व्यवस्थित चालू होते, पण बऱ्याच गाड्यांत स्टार्ट-स्टॉप नकार द्यायला लागतो. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. म्हणून "गाडी तर एका सेल्फला चालू होते" हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा धरू नका. एकदा चालू करण्यापुरती ताकद आणि पुन्हा पुन्हा चालू करण्याचा भरवसा, यांत फरक आहे.

इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या पुढे नाही म्हणून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं मशीन) खराब ठरवू नका. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं चार्जिंग कमी-जास्त केलं जातं. इंधन वाचवायला वेग घेताना व्होल्टेज खाली येतं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर वर जातं. मीटर एकदाच लावून निकाल दिला की चांगला अल्टरनेटर बदलला जातो.

आता पुण्यातला वापर बघा. कोथरूडहून डेक्कन, चार-पाच किलोमीटर, संध्याकाळची वेळ, एसी, हेडलाइट, वायपर, आणि कर्वे रोडवर गाडी बराच वेळ उभीच. अशा वापरात बॅटरीतून गेलेलं परत भरायला वेळच मिळत नाही. बॅटरी चांगली असते, फक्त कधीच पूर्ण भरत नाही. तिसरं लक्षण, म्हणजे हायवेवरून आल्यावर छान चालणं, याचीच खूण आहे.

म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी आहे ती पूर्ण चार्ज करा. ऑटोमॅटिक चार्जर वापरा, एजीएम असेल तर त्यावर एजीएमचा मोड हवा. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा, जवळ ठिणगी नको. आणि हे विसरू नका: चार्जरचा निगेटिव्ह क्लॅम्प बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर लावू नका. तो बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टला लावा. निगेटिव्ह टर्मिनलवर एक लहान सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजून चार्जचा हिशेब ठेवतो. क्लॅम्प थेट टर्मिनलवर लावला तर चार्ज त्या सेन्सरला वळसा घालून जातो. बॅटरी भरते, पण गाडीच्या हिशेबात ती रिकामीच राहते. जंप स्टार्ट करतानाही हेच लक्षात ठेवा.

पूर्ण चार्ज केल्यावर काय होतं, त्यावर पुढचं ठरतं. काही आठवडे सिस्टिम चांगली चालली तर बॅटरी ठीक आहे, वापर कमी आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. दोन-तीन दिवसांतच परत बंद पडली तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा उभ्या गाडीतून करंट गळतोय. पहिल्यासाठी बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल तर वेळ भरली.

गळतीसाठी नंतर बसवलेल्या वस्तू आठवा: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ॲम्प्लिफायर. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम ३०० मिलीॲम्पिअर घेत असेल तर २४ तासांत ७.२ ॲम्पिअर-तास जातात. ४५ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीतला हा जवळपास सहावा भाग, तो एका दिवसात. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास झाल्यावर ५० मिलीॲम्पिअरच्या आत करंट असावा. मोजायला डीसीचा बारीक करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. तो नसेल तर त्या वस्तू दोन दिवस काढून ठेवा, उत्तर मिळतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर काढा. आधी निगेटिव्ह सोडायचा, लावताना तो शेवटी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने साफ करा, कोरडं करा, घट्ट बसवा, वर थोडं व्हॅसलीन. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर नवी बॅटरीही दुबळी वाटते.

बॅटरी सोडली किंवा बदलली की सेन्सरचा हिशेब पुसला जातो. काही गाड्यांत तो परत जमायला इग्निशन बंद ठेवून साधारण चार तास लागतात आणि नंतर गाडी दोन-तीनदा चालू-बंद करावी लागते. काहींमध्ये, विशेषतः युरोपीय कंपन्यांच्या काही गाड्यांत, नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. बॅटरी बदलल्याच्या दिवशीच "काही फरक पडला नाही" म्हणून दुसरा खर्च सुरू करू नका.

ब्रेक, क्लच आणि तापमान

ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का, दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. ब्रेकचा स्विच स्वस्त असतो आणि तो गेला तर ऑटोमॅटिक गाडी थांबल्याचं ओळखतच नाही. मॅन्युअलमध्ये क्लच आणि न्यूट्रलचे स्विच असतात, ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

व्हॅक्यूमची एक तपासणी घरी होते. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पॅडल किंचित खाली जायला हवं. गेलं नाही तर बूस्टर (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा भाग) किंवा त्याच्या नळीत गडबड आहे. हा विषय आता स्टार्ट-स्टॉपचा राहिला नाही, ब्रेकचा झाला. गाडी पुढे चालवू नका.

इंजिन गरम व्हायच्या आत सिस्टिम चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मुलांना शाळेत सोडायची तीन किलोमीटरची फेरी इंजिन तापायच्या आत संपते. पण अर्ध्या तासानंतरही तापमान वर येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिनच्या कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का ते बघून घ्या. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होत असताना इंजिन बंद होत नाही. आयडलिंग थोडं वाढतं, थांबल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहतो. त्या वेळी गाडी बंद न करता हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालवा.

स्कॅनर कधी

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर अंदाजाने पार्ट बदलू नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन का बंद केलं नाही याचं कारण कंट्रोलरमध्ये वाचता येतं. मोबाइलला जोडायचे छोटे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा ते दाखवत नाहीत, कंपनीच्या पातळीचा स्कॅनर लागतो. वर्कशॉपमध्ये स्पष्ट सांगा: नकाराचं कारण वाचा आणि सेन्सरला बॅटरीचा चार्ज किती दिसतोय तो आकडा सांगा. ते न बघता सेल्फ किंवा अल्टरनेटर बदला म्हणणाऱ्याला थांबवा.

हात कधी थांबवायचा

पाचवं लक्षण असेल, बॅटरीचा लाल दिवा लागला असेल, बॅटरी फुगली असेल, जळका वास येत असेल, तर घरगुती तपासणी नको. माइल्ड हायब्रिडमध्ये सेल्फ आणि अल्टरनेटरचं काम एकच मशीन बेल्टवरून करतं आणि काही गाड्यांत केबिनमध्ये सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी असते. बेल्टची किंचाळी, त्या बॅटरीची सूचना, ४८ व्होल्टची सिस्टिम, एअरबॅगचे पिवळे कनेक्टर, उंदराने कुरतडलेला हार्नेस (वायरींचा जुडगा), हे सगळं प्रशिक्षित माणसाचं काम आहे. गाडी वॉरंटीत असेल तर एकही वायर तोडू-जोडू देऊ नका.

दुरुस्ती होईपर्यंत ऑफचं बटण दाबून गाडी चालवायला हरकत नाही. इंधनाचा थोडा तोटा होईल. उभं असताना छोटं इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, म्हणून लांब सिग्नलला फायदा कळतो, पाच-सात सेकंदांच्या थांब्याला कळत नाही. पण बटण दाबून ते दुखणं विसरू नका. कमी होत जाणारं स्टार्ट-स्टॉप ही बॅटरी बसण्याची आगाऊ सूचना असते. ती ऐकली तर बॅटरी आपल्या सोयीने बदलता येते. नाही ऐकली तर गाडी एखाद्या सकाळी पार्किंगमधून हलत नाही.

गाडी दाखवायला नेताना एका कागदावर एवढं लिहून न्या: कोणतं लक्षण, दिवसाच्या कोणत्या वेळी, एसी कितीवर, रोजची फेरी किती किलोमीटर, बॅटरीचा प्रकार आणि बसवल्याची तारीख, सकाळचं व्होल्टेज, आणि नंतर बसवलेल्या वस्तूंची यादी.